नाताळची युरोपीय चॉकलेटं, मार्झिपान आणि तुर्रोन: चव कशी घ्यायची, तुलना कशी करायची

डिसेंबरात जर्मनी, स्पेन, इटलीहून कुणी घरी आलं की एकदम पाच-सहा डबे जमतात. ते सगळे एकाच बैठकीत उघडतात, प्रत्येकातला एकेक तुकडा तोंडात जातो आणि तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर सगळंच नुसतं गोड लागायला लागतं. तुम्ही स्वतः युरोपात राहत असाल तर प्रश्न उलटा असतो. दुकानातली अख्खी मांडणी नाताळच्या मिठाईने भरलेली असते आणि दोन युरोचा डबा घ्यावा की बारा युरोचा, हे कळत नाही. दोन्ही वेळी उपयोग होतो तो शांतपणे, जोडीजोडीने चव घेण्याचा.

सुरुवातीलाच एक मत मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नाताळच्या या मिठाईत चॉकलेट बहुतेक वेळा वरचं आवरण असतं. खरा पदार्थ आतला बदाम किंवा हेझलनट. म्हणून परीक्षा आधी सुक्यामेव्याची, मग साखरेची, आणि चॉकलेटची शेवटी. प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तोंडात आधी काय कळलं, बदाम की साखर?

पायरी १: जोड्या ठरवा

मार्झिपानची तुलना ट्रफलशी, म्हणजे चॉकलेट-सायीच्या मऊ गोळीशी, केली तर हाती काहीच लागत नाही. एकाच जातीचे दोन पदार्थ शेजारी ठेवले की फरक आपोआप बोलायला लागतो. एका बैठकीला तीन जोड्या, म्हणजे सहा नमुने पुरेत. त्यापुढे जीभ थकते.

पहिली जोडी मार्झिपानची. मार्झिपान म्हणजे सोललेले बदाम आणि साखर बारीक वाटून, आचेवर परतून केलेला गोळा. उत्तर जर्मनीतलं ल्यूबेक शहर यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली नीडरएगर ही पेढी १८०६ सालची, आणि ‘ल्यूबेकर मार्झिपान’ हे नाव युरोपीय संघात भौगोलिक मानांकनाने राखलेलं आहे. त्यामागचं गणित समजून घ्या, कारण किमतीतला फरक तिथेच आहे. आधी बदाम-साखरेची ‘रोहमासे’ तयार होते, म्हणजे मूळ गोळा. जर्मन नियमांप्रमाणे त्यात साखर फार तर ३५ टक्के. विक्रीचं मार्झिपान करताना त्यात पुन्हा साखर मळतात. साध्या मार्झिपानात मूळ गोळ्याच्या वजनाइतकी साखर चालते. ल्यूबेकर म्हणवण्यासाठी मूळ गोळा किमान ७० टक्के लागतो आणि वरची साखर ३० टक्क्यांच्या आत. ‘ल्यूबेकर एडेलमार्झिपान’ या वरच्या प्रतीत हेच प्रमाण ९० आणि १०. हिशेब केला तर सगळ्यात स्वस्त मार्झिपानात खरा बदाम पाव भागाच्या आसपास उतरतो, ल्यूबेकरमध्ये साधारण तिसरा हिस्सा आणि एडेलमध्ये निम्म्याच्या जवळ. एक साधं आणि एक ल्यूबेकर आणा. लेबल न बघताही दुसऱ्याच घासाला कोणतं कुठलं ते सांगता येतं.

याच जोडीत जमल्यास ‘पेर्सिपान’ हा तिसरा नमुना ठेवा. त्यात बदामाऐवजी जर्दाळू किंवा पीचच्या बियांतला गर असतो, कडवटपणा काढून टाकलेला. चव बरीचशी मार्झिपानकडे झुकते, पण बदामाच्या इसेन्ससारखा वास एकदम पुढे येतो आणि मागे लोण्यासारखा मऊपणा राहत नाही. प्रयोगशाळेत तपासता यावं म्हणून पेर्सिपानच्या मूळ गोळ्यात ०.५ टक्के स्टार्च मुद्दाम घालतात, एवढं ते मार्झिपानसारखं असतं. स्वस्त ‘डोमिनोश्टाइन’मध्ये, म्हणजे खालचा मसालेदार केक, मधला जेलीचा थर आणि वरून चॉकलेट अशा नाताळच्या चौकोनी तुकड्यांत, मार्झिपानच्या जागी बऱ्याचदा पेर्सिपानच असतं.

गोव्यात किंवा वसईत कुणी ओळखीचं असेल तर नाताळच्या कुसवारातलं, म्हणजे सणाच्या फराळातलं, काजूचं मार्झिपान मिळवा आणि याच ताटात ठेवा. पोर्तुगीजांबरोबर मार्झिपान गोव्यात आलं आणि ब्राझीलहून काजूही त्यांनीच आणला. बदाम महाग आणि काजू अंगणातला, त्यामुळे इथलं मार्झिपान काजूचं झालं. काजूत स्टार्च जास्त असल्याने ते जास्त घट्ट आणि दुधाळ लागतं, आणि गुलाबपाणी त्यात वरच्या सुरात असतं. ल्यूबेकरशेजारी ते कुठेही कमी पडत नाही. फक्त ते आधी खाऊ नका, गुलाबाचा वास पुढच्या नमुन्यांवर चढतो.

दुसरी जोडी तुर्रोनची. स्पेनमधल्या आलिकान्ते प्रांतात हिहोना नावाचं डोंगराळ गाव आहे, तिथले दोन तुर्रोन भौगोलिक मानांकनाचे आहेत. ‘तुर्रोन दे आलिकान्ते’ चिक्कीसारखा कडक: भाजलेले अख्खे बदाम, मध, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक, वरखाली पातळ पांढऱ्या पापुद्र्याची पट्टी. ‘तुर्रोन दे हिहोना’ मऊ. दोन्हींचं सामान तेच. हिहोनासाठी तो कडक गोळा चक्कीत दळतात, मग मोठ्या तापत्या भांड्यात मुसळाने कुटत पुन्हा शिजवतात. बदामातलं तेल सुटतं आणि सगळं एकजीव होतं. वरच्या, ‘सुप्रेमा’ प्रतीत आलिकान्तेला किमान ६० टक्के आणि हिहोनाला किमान ६४ टक्के बदाम लागतो. साखरेपेक्षा बदाम जास्त असलेली मिठाई एवढ्या सहज विकत मिळते, हे मला या सगळ्या यादीतलं सर्वांत मोठं सुख वाटतं. एकच पदार्थ निवडायचा झाला तर मी हिहोना सुप्रेमा निवडेन.

कडक तुर्रोनचे भाऊबंद इटलीत आणि फ्रान्समध्ये आहेत. क्रेमोनाच्या ‘तोर्रोने’बद्दल अशी आख्यायिका आहे की १४४१ मध्ये बियांका मारिया व्हिस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांच्या लग्नात तो पहिल्यांदा वाढला गेला. फ्रान्समधल्या मोंतेलिमारचा नुगा जास्त मऊ आणि पांढरा. त्यात किमान ३० टक्के सुकामेवा लागतो आणि मधाला मोठा मान असतो, म्हणून तिथे मध चाखायचा, बदाम नव्हे. खरेदी करताना एक लक्षात ठेवा: जर्मनीत ‘नुगाट’ लिहिलेलं असेल तर आत मध आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा नुगा नसून हेझलनट आणि कोकोचा तपकिरी मऊ गोळा असतो.

तिसरी जोडी हेझलनटची, आणि इथे चॉकलेट बरोबरीने येतं. तुरिनचा ‘जांदुया’ म्हणजे चॉकलेटमध्ये बारीक वाटलेलं हेझलनट. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे कोको महागला आणि पिएमोंतेच्या टेकड्यांवरचं हेझलनट त्यात घालून तो पुरवला गेला, असं तुरिनमध्ये सांगतात. उलट्या होडीच्या आकाराचं, सोनेरी कागदातलं ‘जांदुयोत्तो’ काफारेल पेढीने १८६५ च्या कार्निव्हलमध्ये आणलं. युरोपीय नियमानुसार गडद जांदुयात दर १०० ग्रॅममागे २० ते ४० ग्रॅम हेझलनट असावं लागतं. त्याच्या जोडीला बेल्जियमची हेझलनट भरलेली प्रालीन ठेवा. १९१२ मध्ये ब्रसेल्समध्ये झाँ नॉयहाउस यांनी चॉकलेटच्या कवचात सारण भरायला सुरुवात केली, त्या परंपरेतली. जांदुया पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा विरघळतो. प्रालीनमध्ये आधी कवच तडकतं आणि मग सारण येतं. यापैकी काय आवडतं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, पण हेझलनटचा खरपूसपणा जांदुयात जास्त स्पष्ट कळतो.

एक जोडी स्वतंत्र दिवसासाठी राखून ठेवा: मोत्सार्टकुगेल. साल्झबुर्गचे मिठाईवाले पाउल फ्युर्स्ट यांनी १८९० मध्ये हा गोळा तयार केला. मधे पिस्त्याचं हिरवं मार्झिपान, त्याभोवती नुगाट. तो गोळा लाकडी काडीवर टोचून गडद चॉकलेटमध्ये बुडवतात, सुकल्यावर काडी काढतात आणि राहिलेलं छिद्र चॉकलेटने बुजवतात. फ्युर्स्टच्या पेढीत आजही हे हातानेच होतं, आणि कागद निळा-चंदेरी असतो. लाल-सोनेरी कागदातला मिराबेलचा गोळा यंत्रावरचा आणि अगदी गोल, तर बव्हेरियातल्या रेबरचा एका बाजूने चपटा. दोन वेगवेगळे गोळे आणून सुरी कोमट पाण्यात बुडवा, पुसा आणि मधोमध कापा. हाताने केलेल्या गोळ्यात वर्तुळं किंचित डुगडुगती दिसतात, आणि काप नेमका पडला तर बुजवलेल्या छिद्राचा गडद ठिपकाही सापडतो. हिरव्या भागाचा रंग बघा. पिस्त्याचा हिरवा मातकट असतो, रंग घातलेला चमकदार. मग आधी फक्त हिरवा भाग सुरीच्या टोकावर घेऊन चाखा, नंतर फक्त नुगाट, आणि शेवटी तिन्ही थर एकत्र. हा क्रम पाळला नाही तर नुगाट सगळ्यांना गिळून टाकतं.

पायरी २: डबा उघडण्याआधी वाचा

युरोपात घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि डब्यावर ज्या घटकाचं नाव मिरवलं आहे त्याची टक्केवारी द्यावी लागते. त्यामुळे जर्मन, स्पॅनिश येत नसली तरी काम भागतं. ‘मांडेल्न’, ‘आल्मेंद्रा’, ‘मांदोर्ले’ म्हणजे बदाम. ‘हासेलन्युसे’, ‘नोच्चोले’ म्हणजे हेझलनट. ‘त्सुकर’, ‘आसुकार’, ‘झुक्केरो’ म्हणजे साखर. यादीत साखर पहिली आणि बदाम दुसरा असेल तर काय लागणार हे खायच्या आधीच कळलं.

‘काकाओहाल्टिगे फेटग्लासुर’ हे शब्द दिसले तर वरचं आवरण चॉकलेट नाही, कोको घातलेली वनस्पती चरबी आहे. खऱ्या चॉकलेटचे नियम वेगळे. गडद चॉकलेटमध्ये किमान ३५ टक्के कोको, दुधाच्यात सर्वसाधारणपणे किमान २५ टक्के, आणि कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंतच. ती सुद्धा ठरलेल्या सहा प्रकारांचीच, आणि लेबलवर तसं लिहावं लागतं. त्या सहांत आपलं कोकमाचं तेल आहे, साल आणि आंब्याच्या कोयीचंही. कोकणात टाचांच्या भेगांना लावायचं ते मुठेल ब्रसेल्सच्या नियमावलीत नाव घेऊन बसलं आहे.

घरात शाकाहारी कुणी असेल तर कडक तुर्रोन, तोर्रोने आणि नुगा यांत अंड्याचा पांढरा बलक असतो हे आधीच सांगा. हिहोनातही तो असतो. स्पॅनिशमध्ये ‘क्लारा दे उएवो’, इटालियनमध्ये ‘अल्बूमे’ शोधा. काही मार्झिपानमध्ये आणि बऱ्याच प्रालीनमध्ये थोडी दारू असते, जर्मन लेबलवर ती ‘आल्कोहोल’ म्हणून लिहिलेली सापडते. लहान मुलांसमोर ताट ठेवण्यापूर्वी प्रत्येक डबा बघा. आणि बदाम, शेंगदाणे किंवा कुठल्याही सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला या बैठकीत नुसतं ‘एवढंसं चाखून बघ’ असंही म्हणू नका.

पायरी ३: खोली आणि वेळ

कोको बटर साधारण ३३ ते ३४ अंशांना वितळतं, म्हणून चांगलं चॉकलेट हातात टणक आणि जिभेवर मऊ. चव घ्यायला खोली २० ते २२ अंशांची हवी. पुण्या-नाशिकला डिसेंबरची सकाळ काहीही न करता तशी मिळते. मुंबईत आणि कोकणात दुपारी तो नाद सोडा. सकाळी लवकर बसा किंवा एसी लावून खोली आधी थंड करा.

फ्रीजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढून लगेच उघडू नका. बंद डब्यातच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन-तीन तास तरी. थंड चॉकलेटवर हवेतलं पाणी बसतं आणि वरची साखर विरघळून पुन्हा खरखरीत जमते. शिवाय थंड बदामाला वास नसतो. थंड मार्झिपान आणि खोलीतलं मार्झिपान एकाच डब्यातलं आहे यावर विश्वास बसत नाही.

वेळ न्याहारीनंतर तासा-दीड तासाने, जेवणाच्या आधी. स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना बसू नका. आधी अर्धा तास चहा, कॉफी, बडीशेप, सुपारी नको. अत्तर आणि उदबत्तीही नंतर.

पायरी ४: ताट

प्रत्येकाचे पाच-सहा ग्रॅमचे तुकडे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे, पांढऱ्या ताटलीत ठेवा. कागदं काढून टाका आणि ताटलीखाली आकडा लिहा. सोनेरी कागद आणि किंमत माहीत असली की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. आकडे कुठले ते एकाच माणसाला ठाऊक असावेत आणि त्याने मत देऊ नये.

मध्ये जीभ साफ करायला कोमट पाणी. थंड पाण्याने कोको बटर टाळूवर थिजतं, निघत नाही. सोबत बिनमिठाच्या पोळीचा किंवा साध्या पावाचा तुकडा.

आणि सगळ्यात आधी एक सोललेला नुसता बदाम आणि एक भाजलेलं हेझलनट प्रत्येकाने चावून खावं. पुढे जे शोधायचं आहे त्याची चव जिभेला आधी दाखवून ठेवायची. ही एक पायरी वगळू नका, बाकी काहीही वगळा.

क्रम: आधी मार्झिपान, मग कडक तुर्रोन, मऊ तुर्रोन, मग जांदुया आणि प्रालीन. लवंग-दालचिनीचे लेबकूखेन (जर्मन मसालेदार केक-बिस्किटं) आणि पानफोर्ते (सुक्यामेव्याचा घट्ट इटालियन केक) त्यानंतर, आणि दारूचं काही असेल तर अगदी शेवटी.

पायरी ५: एक तुकडा, पूर्ण लक्ष

मार्झिपानचा तुकडा दोन बोटांत दाबा. ताजं असेल तर बोटांचा ठसा उमटतो आणि कडा फाटत नाहीत. कोरडं पडलेलं भुरभुरतं. नाक चिमटीत धरून तुकडा तोंडात घ्या, दोनदा चावा आणि मग नाक सोडा. नाक बंद असताना फक्त गोडी कळते, सोडताच बदामाचा वास मागून वर येतो. तो किती जोरात आला आणि किती वेळ राहिला, एवढंच टिपा. चांगल्या मार्झिपानचा वास गिळल्यानंतरही रेंगाळतो. जास्त साखरेचं घशात खवखवतं आणि वास लगेच संपतो.

हिहोनाचा तुकडा आधी टिश्यू कागदावर पाच मिनिटं ठेवा. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग पडायला हवा, ते बदामाचं तेल. मग तो चावू नका, जिभेने टाळूला दाबा. तो रवाळ होत विरघळतो, आधी भाजलेला बदाम आणि मागून मध. आलिकान्ते मात्र चावायचाच, पण दाढा जपून. चांगला आलिकान्ते कडकन तुटतो. लोंबला किंवा दाताला चिवट चिकटला तर एकतर त्याने ओल धरली आहे किंवा पाक कच्चा राहिला आहे.

चॉकलेट कानाशी धरून मोडा. खोली नीट थंड असेल तर स्वच्छ ‘टक’ आवाज येतो. मोडल्या जागी वास घ्या, कारण पृष्ठभागावरचा वास डब्यातच उडालेला असतो. मग न चावता जिभेवर ठेवा. खरं चॉकलेट पाणी होतं. चरबीचं आवरण मेणासारखं टाळूला बसतं आणि कोमट पाण्यानंतरच जातं.

टिपण एका ओळीचं पुरे: आधी काय कळलं, मग काय, शेवटी काय उरलं. दहापैकी गुण देण्याच्या फंदात पडू नका. पहिल्या नमुन्याला सात दिले की बाकीचे सगळे साडेसहा ते साडेसातच्या मध्ये अडकतात. त्यापेक्षा जोडीतला कोणता तुकडा परत खावासा वाटतो, ते विचारा.

दोष ओळखणं

खवटपणा हा सर्वांत मोठा दोष आणि तो लपवता येत नाही. जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर सुकामेवा खवट झाला आहे. अक्रोड सर्वांत आधी खवटतो, हेझलनट आणि बदाम त्यानंतर. असा डबा कितीही महागाचा असला तरी टाकून द्या.

चॉकलेटवरचा पांढुरका थर म्हणजे बुरशी असेलच असं नाही. बोट हलकं फिरवा. गुळगुळीत लागून वितळला तर तो वर आलेला कोको बटर, बहुधा डबा कुठेतरी उन्हात तापून पुन्हा थंड झालेला. खरखरीत लागला तर ओल्याने फुटलेली साखर. दोन्ही खायला चालतात, पण तुलनेच्या ताटात ठेवू नका. प्रवासातून आलेल्या सामानाला हे फार होतं, म्हणून चॉकलेट चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा, आणि भारतात उतरल्यावर गाडीच्या डिकीत तासन् तास राहू देऊ नका.

खरेदी आणि साठवण

जर्मनीत नाताळची मिठाई ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच दुकानांत दिसायला लागते. चव घेण्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटी घ्या, आणि नुसतं खाण्यासाठी २४ डिसेंबरनंतर, तेव्हा उरलेला माल बऱ्याच ठिकाणी सवलतीत निघतो. सवलतीच्या मालात मार्झिपान आणि तुर्रोन घ्यायला हरकत नाही. ताजी प्रालीन घेऊ नका, तिचं आयुष्य कमी.

मार्झिपान कापलं की लगेच क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, हवा लागली की एका रात्रीत कडा वाळतात. कडक तुर्रोनला आपल्याकडची दमट हवा सोसत नाही, तो हवाबंद डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवा. चॉकलेट फ्रीजमध्ये ठेवणं भाग असेल तर दुहेरी डब्यात, लसूण-कांद्यापासून दूर, कारण कोको बटर शेजारचा प्रत्येक वास ओढून घेतं. हिहोनाच्या वेष्टनात तेल साठलेलं दिसलं तर ओतून टाकू नका, वडी उलटी करून एक दिवस ठेवा, बरंचसं परत मुरतं. शेवटचे मोडके तुकडे कोमट दुधात कुस्करून घोटा किंवा साध्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये मिसळा. स्पेनमध्ये उन्हाळ्यात तुर्रोनचं आइस्क्रीम मिळतंच.